दामोदर नावाची कीचेन

मुलीने केलेली थट्टा एखाद्या बापाने करार म्हणून धरून ठेवावी, तीही जावयाच्या साक्षीने, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. नाना त्याला 'शब्द' म्हणत होते. माई, म्हणजे नानांची बायको, त्याला 'झालं सुरू' म्हणत होती.

सुरुवात अगदी साधी होती. रविवारची सकाळ, बाहेरच्या खोलीत दोरीवर वाळत घातलेली दुपटी, आणि नानांच्या मांडीवर झोपलेला दोन महिन्यांचा नातू. या पोराला अजून नाव नव्हतं. म्हणजे नावं खंडीभर होती. आई त्याला 'गठुडं' म्हणे, आजी 'लबाड' म्हणे, बाप 'बॉस' म्हणे. पण जन्मनोंदणी कार्यालयाला यातलं एकही चालण्यासारखं नव्हतं, आणि नाव कळवायची मुदत जवळ आली होती. जावई मोबाइलमधून नावं वाचून दाखवत होता. प्रत्येक नावाला अर्थ होता, आणि प्रत्येक अर्थ आभाळात होता.

"हे बघा, 'क्षितिजापलीकडचा प्रकाश'," जावई म्हणाला.

"क्षितिजापलीकडे उजेड असून आपल्याला काय उपयोग?" नाना म्हणाले. "पेपर वाचायला उजेड अलीकडे लागतो. मी सांगू का नाव?"

कोणी 'सांगा' म्हणालं नाही. नानांनी सांगितलं. "दामोदर."

नातवाने झोपेतल्या झोपेत एक पाय झाडला, तो नानांनी होकार धरला.

"नाना, ते तुमचं नाव आहे," मुलगी म्हणाली.

"म्हणून काय झालं? वापरलंय कुठे मी ते? जवळजवळ कोरं आहे!"

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. नानांना घरात 'नाना' म्हणत. माई 'अहो' म्हणे. ऑफिसात इतकी वर्षं ते 'हेडक्लार्क' होते, वाण्याकडे 'काका' होते, आणि स्कूटर दुरुस्त करायच्या गॅरेजात तर त्यांना भलत्याच एका नावाने ओळखत, पण ते का, हे योग्य वेळी येईल. दामोदर हे नाव फक्त वीजबिलावर उरलं होतं. कोणे एके काळी ते मोठ्याने हाकारलं जात असे. नानांची आई जिन्याखाली उभी राहून 'दामोदऽऽर' अशी हाक मारायची, आणि ती हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेतल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. आई गेली आणि ती हाकही गेली. नानांना त्या हाकेची अजून आठवण यायची. या वयात असं काही बोलायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते 'नावाला परंपरा आहे' असं काहीतरी म्हणत.

मुलगी मात्र परंपरेला भीक घालणारी नव्हती. "नाना, मी लहानपणी तुमच्या वाढदिवसाला काय काय केलंय माहितीये? कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तो नावांच्या कीचेनचा स्टँड आहे ना, गोल फिरणारा? दर वर्षी फिरवून फिरवून माझी बोटं दुखायची. सगळ्यांच्या बाबांची नावं मिळायची. तुमचं नाही. एकदा तर शेवटी कुठलीतरी भलतीच कीचेन घेऊन आले होते. उद्या माझा मुलगा त्या स्टँडपुढे असाच रडत उभा राहायला नकोय मला."

"मिळत असेल आता."

"मिळत असेल तर आणा शोधून. ऑर्डर देऊन बनवून घेतलेली चालणार नाही हं! स्टँडवर, आयती, सगळ्यांच्या नावांत लटकलेली हवी. ती मला दाखवा, त्याच दिवशी नाव दामोदर!"

"डन!" जावई म्हणाला. त्याला वाटलं विषय संपला.

स्वयंपाकघरातून माईचा आवाज आला. "त्यांना असलं काही सांगू नका रे. ते खरं धरतात."

पण तोवर नातू माईच्या पलंगावर पोचला होता, आणि नाना चपला घालत होते.

स्टेशनरीचं दुकान अगदी लहान होतं. आत एकाच वेळी दोन गिऱ्हाइकं आणि एक वही मावत असे. तो स्टँड दाराशीच उभा असायचा, आणि फिरवला की असा कुरकुरायचा की आपण त्याच्या झोपेत व्यत्यय आणला असं वाटावं. नानांनी चष्मा डोक्यावर सरकवला. उत्साह चढला की ते चष्मा डोक्यावर सरकवतात आणि मग चष्मा शोधतात. तो सापडल्यावर त्यांनी 'अ' पासून सुरुवात केली. 'द'ला पोचले तेव्हा श्वास रोखला. दक्ष होता, दर्शन होता, दिगंत होता, दीपक तर तीन होते. दामोदर नव्हता. चुकून दुसऱ्या अक्षरात गेला असेल म्हणून नानांनी 'ज्ञ'पर्यंत सगळा स्टँड तपासला. मग उलटा फिरवून तपासला.

"काय हवंय, काका?" स्टेशनरीवाल्याने विचारलं.

"दामोदर."

"त्याला चालती नाही."

"चालती नाही म्हणजे? मी काय बंद पडलेलं घड्याळ आहे?"

स्टेशनरीवाला गडबडला. त्याने समजूत घातली, की यात नावाचा काही दोष नाही. कीचेनचा एजंट महिन्यातून एकदा येतो आणि विचारतो, कोणत्या नावाला मागणी आहे. जे नाव गिऱ्हाईक मागतं ते कंपनी छापते. "दामोदर कोणी मागितलंच नाही, तर मी काय सांगणार त्याला?"

"आणि मागितलं तर?"

"एकट्या तुम्ही मागून नाही भागायचं, काका. मागणी म्हणजे गावाने मागायला हवं."

नाना दुकानातून बाहेर पडले ते जवळजवळ पळतच. अडचण नावात नव्हती, मागणीत होती! आणि मागणी निर्माण करणं हे तर काम होतं. कामाला नाना कधी घाबरले नव्हते. ऑफिसात त्यांनी एकदा एका पंख्यासाठी सतत पाठपुरावा केला होता आणि पंखा मिळवला होता. तो फिरत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर बैठक बसली. बैठक म्हणजे दोनच माणसं आली होती, पण दोघंही वीस माणसांचं बोलणारी. एक, वरच्या मजल्यावरचे बँकवाले. बँकेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या बोलण्यातली मुद्देसूद शिस्त निवृत्त झाली नव्हती. दुसऱ्या, समोरच्या दारातल्या काकू. त्यांना कुठल्याही गोष्टीत कारस्थानाचा वास आला की हुरूप येई.

"मोहिमेआधी नावाची बाजू भक्कम हवी," बँकवाले म्हणाले. "उगम, अर्थ, प्रसार. हे तिन्ही हातात नसेल तर तुमची मुलगी उद्या कीचेन बघूनही मागे फिरेल. कर्जाच्या अर्जाला कागदपत्रं लावतो तसं आहे हे."

"आणि मी आधी काय म्हणते," काकू म्हणाल्या, "हे कोणाला कळता कामा नये." एवढं बोलून त्यांनी खालच्या अंगणात उभ्या असलेल्या दोघींना हात करून वर बोलावलं.

उगमासाठी नाना ग्रंथालयात गेले. तिथल्या बाईंना त्यांनी "दामोदर बघायचाय" असं सांगितलं. बाईंनी सभासदांच्या कार्डांचा खण उघडला आणि विचारलं, "पुस्तक थकलंय का त्यांचं?" गैरसमज दूर व्हायला वेळ लागला, पण शेवटी एक जाडजूड शब्दकोश टेबलावर आला. नानांनी पान उघडलं. आयुष्यभर अंगावर बाळगलेल्या नावाचा अर्थ त्यांनी आजवर कधी पाहिलाच नव्हता. दाम म्हणजे दोरी. उदर म्हणजे पोट. ज्याच्या पोटाला दोरी बांधली आहे तो.

नानांनी शब्दकोश मिटला. मग कोणी पाहत नाही ना, हे बघून पुन्हा उघडला. अर्थ तोच होता.

घरी हा अर्थ सांगताना त्यांनी आवाज जरा भारदस्त ठेवला, पण उपयोग झाला नाही. माई हसून हसून खुर्चीवर बसली. "पोटाला दोरी! तुमचं नाव ठेवणाऱ्याने तुमचा पायजमा आधीच बघून ठेवला होता की काय?"

"हसा. पण पुढची गोष्ट ऐका," नाना म्हणाले. ते दुखावले होते, तरी गोष्ट सांगायची खुमखुमी दुखण्यापेक्षा मोठी होती. "देव लहान होता तेव्हाची गोष्ट आहे. भयंकर खोडकर. आई कंटाळली आणि त्याला बांधून ठेवायला निघाली. दोरी आणली, तर दोन बोटं कमी पडली. तिला दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या दोऱ्या जोडल्या. प्रत्येक वेळी दोन बोटं कमी! आई घामाघूम झाली, केस सुटले. मग त्या पोराने आईचं तोंड पाहिलं आणि गुपचूप बांधून घेतलं. ज्याला कोणी बांधू शकत नव्हतं, तो आई दमली म्हणून बांधला गेला. तो दामोदर."

मुलगी बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. नानांना वाटलं, जिंकलो.

"मुलाला बांधून ठेवायचं?" जावई म्हणाला. "हल्ली यावर तक्रार होते, नाना."

मुलगी हसली आणि तो क्षण निसटला. "गोष्ट छान आहे. पण कीचेन?"

प्रसाराचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. नानांचा दावा असा होता की त्यांच्या लहानपणी प्रत्येक वर्गात दामोदर असे, त्यांच्या वर्गात तर दोन होते, आणि घोटाळा नको म्हणून मास्तर नानांना 'खिडकीतला दामोदर' म्हणत. पण दाव्याला आकडा हवा, असं बँकवाल्यांचं म्हणणं. म्हणून नाना जन्मनोंदणी कार्यालयात गेले. तिथे खिडक्या तीन होत्या आणि रांग एकच, ती मधल्या खिडकीपुढे, आणि मधली खिडकी बंद होती. ती उघडल्यावर आत एक कारकून दिसला.

"आजवर किती दामोदर झाले, ते हवंय," नाना म्हणाले.

"नावानुसार माहिती देण्याची तरतूद नाही. तारखेनुसार आहे. तुम्ही तारीख सांगा, मी त्या दिवशी कोण जन्मलं ते सांगतो."

"पण मला दामोदर हवेत."

"ते कोणत्या तारखेला जन्मले?"

"वेगवेगळ्या!"

"मग वेगवेगळे अर्ज करा."

नाना स्वतः हेडक्लार्क होते. हे उत्तर त्यांनी उभ्या आयुष्यात अनेकांना दिलं होतं, आणि आता ते समोरून येताना पाहून त्यांना संताप यावा की कौतुक वाटावं, हेच ठरेना. कारकुनाला बहुधा त्यांचं तोंड पाहून दया आली. त्याने कशाला हवंय म्हणून विचारलं. नानांनी नातू, कीचेन, मागणी, सगळं एका दमात सांगितलं. मागची रांगही ऐकू लागली.

"माझ्या वडिलांचं नाव दामोदर," कारकून हळूच म्हणाला.

नानांनी खिडकीतून हात आत घातला आणि त्याचा हात धरला. "काय सांगता! आणि मुलाचं?"

"मुलाचं नाव बायकोने ठेवलं," कारकून म्हणाला आणि त्याने खिडकी बंद केली. चहाची वेळ झाली होती. मग ती पुन्हा बोटभर उघडली. "मुदत पाळा हं. नंतर प्रतिज्ञापत्र लागतं."

आता एजंट यायचा दिवस तोंडावर आला होता. नानांनी गच्चीवर शेवटची सूचना दिली. प्रत्येकाने एकेकदा दुकानात जायचं, पेन-बिन काहीतरी घ्यायचं, आणि निघता निघता सहज विचारायचं, दामोदरची कीचेन आहे का? सहज! या शब्दावर त्यांनी फार जोर दिला.

पण सहज वागणं हे आपल्याकडे कोणालाच सहज जमत नाही. काकू दुकानात गेल्या त्याच धापा टाकत. "दामोदर आहे का हो, दामोदर? अगदी जीव अडकलाय!" असं म्हणाल्या आणि पेन घ्यायचं विसरून परत आल्या. बँकवाल्यांनी लेखी मागणी दिली आणि पोच मागितली. अंगणातल्या दोघी एकदमच गेल्या, आणि एकमेकींकडे पाहून इतक्या हसल्या की त्यांना विचारताच येईना. शेवटी त्यांनी नुसतं 'द... द...' केलं, आणि स्टेशनरीवालाच म्हणाला, "दामोदर का?" त्याला आता खात्रीच पटली होती.

संध्याकाळी नाना स्वतः गेले तर स्टेशनरीवाला त्यांची वाटच पाहत होता. "काका, तुमच्या नावाने झालंय काय? सकाळपासून रीघ लागलीय. कोणी नवा हिरो आलाय का या नावाचा?"

"असेल," नाना म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने चिरकला. "काळ बदलतो. चांगली नावं परत येतात!"

"मी एजंटला सांगितलं. तो म्हणाला, सुटी पाठवत नाही, अख्खा बॉक्स घ्यावा लागेल. मी म्हटलं, पाठव! अशी लाट वारंवार येत नाही."

घरी येताना नाना जिना एका दमात चढले आणि वर पोचल्यावर बराच वेळ दाराला धरून उभे राहिले. माईने पाणी दिलं. "अहो, त्या बिचाऱ्याच्या गळ्यात एवढ्या कीचेन पडल्या तर?" नानांचा चेहरा उतरला. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. पण बिचाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हेही त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. गच्चीवर निरोप गेला, माल आला की आपल्या लोकांनी थोड्या थोड्या घ्याव्यात.

हा निरोप देताना नाना एक गोष्ट सांगायला विसरले. ती कोणती, ते आता येतंच आहे.

बॉक्स शुक्रवारी दुपारी आला. स्टेशनरीवाल्याचा फोन आला तेव्हा नाना नातवाला आंघोळीनंतर पावडर लावत होते. "लावला स्टँडवर!" एवढंच ऐकून त्यांनी पावडरचा डबा हवेत उंचावला, आणि नातू, नाना आणि फोन असे तिघंही पांढरे झाले. "उद्या सकाळी सगळ्यांनी चलायचं!" त्यांनी जाहीर केलं. "बाळासकट! शब्द म्हणजे शब्द!"

"मिळाली?" मुलीला खरंच वाटेना. "स्टँडवर? आयती?"

"आयती! दीपकच्या शेजारी!"

मुलीने जावयाकडे पाहिलं, जावयाने छताकडे पाहिलं. आपण 'डन' म्हणालो होतो, हे त्याला आता आठवलं असावं.

शनिवारी सकाळी बाकीचे चालत निघाले. नानांना तेवढा धीर नव्हता. ते स्कूटरवरून पुढे गेले, दुकानासमोर गाडी लावली, आणि सगळे येऊन पोचल्यावरच स्टँडकडे वळले. आपण आधी बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी बाळाला हातात घेतलं, त्याचं तोंड स्टँडकडे केलं आणि मुलीला म्हणाले, "फिरव."

मुलीने स्टँड फिरवला. तो कुरकुरला. दक्ष गेला, दर्शन गेला, दीपक आला. दीपकच्या शेजारचा हुक रिकामा होता. हुकावर 'दामोदर' लिहिलेली चिठ्ठी तेवढी होती.

"अहो! माल कुठाय?" नाना ओरडले.

स्टेशनरीवाला हात जोडून, हसत हसत बाहेर आला. त्याला काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. "संपला, काका! एक नाही उरली! काल संध्याकाळी नुसती झुंबड. तुमच्या समोरच्या त्या काकूंनी सगळ्या नातेवाइकांसाठी नेल्या. बँकवाले साहेबांनी तर आज पहाटे माझं शटर वाजवलं. शेवटची दोन डझन त्यांनी उचलली. म्हणाले, फिरायला जाताना भेटेल त्याला देतो, प्रसार झाला पाहिजे. लाट आहे, लाट! मी अजून दोन बॉक्स सांगितलेत!"

नाना थोड्या घ्या म्हणाले होते. एक मागे ठेवा, हे सांगायला विसरले होते.

"गावभर आहे ना पण!" ते मुलीला म्हणाले. "आत्ता कोणाच्याही घरी जाऊन दाखवतो. दारोदार दामोदर आहे!"

"स्टँडवर ठरलं होतं, नाना," मुलगी म्हणाली. ती हळुवारच म्हणाली, पण म्हणाली. "आणि आणखी एक. हे तुम्ही सगळ्यांना सांगून करवलंत ना? मग बाळ शाळेत जाईल तेव्हा काय? तेव्हा बँकवाले काका कुठून येणार मागणी करायला? पुन्हा तो हुक रिकामाच राहील."

नानांनी बाळ माईकडे दिलं आणि ते दुकानाच्या पायरीवर बसले. एवढी धावपळ, एवढी माणसं, आणि ते नाव काही केल्या कोणाच्या तोंडी बसायला तयार नव्हतं. त्यांना एकदम फार म्हातारं वाटलं. "दोन बोटं," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन बोटं कमी पडली."

मग निदान मान राखून निघून जावं म्हणून ते उठले, स्कूटरला किल्ली लावली आणि किक मारली. स्कूटर सुरू झाली नाही. दुसरी किक मारली. तिसऱ्या किकेला चप्पल उडून रस्त्याच्या मध्यावर पडली. अपमानाला इतपत हद्द असावी असं कोणालाही वाटेल, पण नानांच्या बाबतीत ती कधीच पाळली गेली नाही.

समोरच्या गॅरेजातून मेकॅनिक हात पुसत बाहेर आला. त्याने वाटेतली चप्पल उचलली, आणून नानांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "काय दिलीपराव, रुसली का गाडी?"

मुलीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "कोण दिलीपराव?"

"हे काय, हे! आमचे दिलीपराव." मेकॅनिकने स्कूटरची किल्ली काढली. "माझे वडील गॅरेज बघायचे तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. वडील जायच्या आधी म्हणायचे, दिलीपरावांच्या गाडीला नीट हात लाव, भला माणूस आहे."

किल्ली त्याच्या तळहातावर होती आणि तिला एक कीचेन होती. प्लास्टिक पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या, अक्षरांतला लाल रंग जवळजवळ निघून गेलेला. तरी वाचता येत होतं. दिलीप.

मुलीने ती ओळखली. दुसरीत होती ती तेव्हा. स्टँड फिरवून फिरवून दमली होती, स्टेशनरीवाला ओरडला होता, आणि शेवटी निदान 'द' तरी जुळतो म्हणून तिने ही कीचेन उचलली होती. ती नानांच्या हातात देताना तिला रडू फुटलं होतं. नाना तेव्हा म्हणाले होते, "अगं, मला हीच हवी होती." त्याच संध्याकाळी त्यांनी ती स्कूटरच्या किल्लीला लावली. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मेकॅनिकच्या वडिलांनी ती वाचली आणि हाक मारली, 'दिलीपराव'. त्यांना चूक सांगायची, तर आपल्या मुलीने चुकीचं नाव आणलं असं सांगावं लागलं असतं. ते नानांना जमलं नाही. त्यांनी 'ओ' दिली, आणि मग देतच राहिले.

"इतकी वर्षं?" मुलगी म्हणाली. "नाना, सांगितलं का नाही तुम्ही त्यांना कधी?"

"काय सांगायचं?" नाना पायात चप्पल चढवत होते, त्यामुळे त्यांचं तोंड दिसत नव्हतं. "तू दिलेलं नाव होतं."

माईने पदर डोळ्यांना लावला. जावई स्टँडकडे पाहत राहिला. बांधून घेणारा तो पोर कसा असेल, हे मुलीला आता कळत होतं, आणि तो तिच्यासमोर एका पायात चप्पल घालून उभा होता.

मेकॅनिकला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने प्लग काढला, फुंकला, परत बसवला, किल्ली लावली, आणि पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. मग त्याचं लक्ष बाळाकडे गेलं. "नातू का? वा, वा! नाव काय ठेवलंत?"

नानांनी उगाच आरसा पुसायला घेतला.

"दामोदर," मुलगी म्हणाली.

नानांचा हात आरशावर थांबला. तिने परत म्हटलं, या वेळी मोठ्याने, बाळाला माईच्या कडेवरून स्वतःकडे घेत. "दामोदऽऽर!" शेजारच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. बाळाने आईकडे पाहिलं आणि आळस दिला.

"दामोदर?" मेकॅनिकने कपाळाला हात लावला आणि खिशातून काहीतरी काढलं. नवी कोरी, चकचकीत कीचेन. "मग ही याचीच असणार! सकाळी एक साहेब फिरता फिरता हातात देऊन गेले. मी तेव्हापासून सगळ्यांना विचारतोय, हा दामोदर आहे तरी कोण? निवडणुकीला उभा राहिलाय का?" त्याने ती बाळाच्या मुठीत दिली. बाळाने ती घट्ट धरली आणि तोंडात घातली. "पण नाव एक नंबर आहे हं, दिलीपराव! हल्ली असं नाव ऐकायला मिळत नाही. कोणाच्या डोक्यातून आलं?"

नानांनी मुलीकडे पाहिलं. गाडीचं इंजिन धडधडत होतं, आणि त्यांना चष्मा सापडत नव्हता, कारण तो डोक्यावर होता.

"हिच्या," दिलीपराव म्हणाले.